हवाई तळावर कुणी म्हटलं ‘पावणं’?

मी सांडपाण्यातला तेलाचा अंशसुद्धा मोजून सांगणारी बाई. घरी कुणी दृष्ट काढायला लागलं की मला हसू आवरत नाही. भुताखेतांच्या गोष्टी सांगणाऱ्यांची तर मी रेवडीच उडवायचे... तरीही आज हे लिहितेय.

आमची लॅब कोल्हापुरात. हवाई दलाच्या एका तळावर सांडपाणी प्रक्रिया नीट होते का, हे तपासायला मी आणि सहकारी भरत गेलो होतो. तळ महाराष्ट्राबाहेरचा — नाव विचारू नका, सांगणार नाही. विमानं धुतलेलं पाणी तिथं आधी एका खोल, बंद टाकीत साठतं. भर दुपारी आम्ही झाकण उघडवलं. भरतनं नमुन्यासाठी दोरीला बांधून बादली सोडली आणि गाठच सुटली! बादली टाकीतल्या शिडीच्या खालच्या पायरीला अडकली.

“थांब, विषारी गॅस तपासायचा मीटर गाडीत राहिलाय, आणते,” मी म्हणाले.

“ताई, हितंच तर हाय की! आलोच.” कोल्हापुरातल्या कसबा बावड्याचा गडी, थांबेल तर शपथ. त्याचा पाय शिडीवर पडलासुद्धा.

आणि मागून खणखणीत हाक आली — “ओ पावणं! उतरू नगासा!”

भरत जागीच थबकला. मी वळून पाहिलं... मोकळं काँक्रीट आणि ऊन. आमच्यासोबत दिलेला पंजाबी सार्जंट लांबून धावत आला. “किसने आवाज दी? और ये पावणं क्या होता है?”

म्हणजे त्यानंही ऐकलं होतं!

मी भरतला कॉलर धरून बाजूला ओढलं. मीटर आणून दोरीनं आत सोडला, तर त्याचा भोंगा किंचाळायलाच लागला. टाकीत विषारी वायू साचला होता. भरत उतरला असता तर वर आलाच नसता. सार्जंटनं सगळीकडे चौकशी केली. आम्ही दोघं सोडून मराठी बोलणारं तिथं कुणी नव्हतं.

परतल्यावर भरतच्या घरी जेवायला बसलो. त्याच्या आईला सगळं सांगितलं आणि मी — हो, मीच — म्हणाले, “काकी, त्याचे गेलेले वडीलच आले असतील.”

काकींनी डोळे पुसले आणि माझ्यावरच खेकसल्या, “काय बी बोलतीस! बाप पोराला पावणं म्हनंल व्हय?”

खरंच की! आमच्याकडं पावणं, म्हणजे पाहुणे, म्हणतात ते अनोळखी माणसाला. ज्यानं हाक मारली त्याला भरत कोण हे ठाऊकच नव्हतं. मग तो कोण, कुठला? पण भरत समोर बसून भाकरी मोडत होता, त्यातच मला सगळं मिळालं.

काकी मात्र उठल्या, दारात गेल्या आणि रस्त्याकडे तोंड करून मोठ्यानं म्हणाल्या, “पावणं, कोन हायसा ठावं न्हाय. पर बावड्याला या... जेवल्याबिगर सोडनार न्हाय!”