इंदूबाईचा अळू

भाईंदर पूर्वेला, स्टीलच्या भांड्यांच्या गाळ्यांमागे इंदूबाई राहते. पॉलिशचं घाण पाणी तिथे खडी भरलेल्या वाफ्यांतून फिरवतात. वाफ्यांत पाणकणीस आणि कर्दळ. एकीकडून काळं पाणी आत येतं, दुसरीकडून नितळ होऊन खाडीला जातं. या वाफ्यांची राखण इंदूबाईकडे. त्यापायी पगार आणि कोपऱ्यातली खोली. नवरा गेल्यापासून तेवढंच तिचं छप्पर.

"झाडं पाण्यातलं विष पितात," असं तिला सुरुवातीला सांगितलं होतं. प्यायली म्हणजे संपलं, असं ती धरून बसली. का नाही धरणार? माणसाला खाल्लेलं पचतं, तसं झाडालाही पचत असेल! त्यात कोकणातली बाई. ओल दिसली आणि अळू लावला नाही तर जिवाला चैन कशी पडावी? शेवटच्या वाफ्याच्या कडेला लावलाच. पानं ही सुपाएवढी! केबिन रोडच्या भाजीवाल्यांनी तोंडात बोटं घातली असती.

कालच लेक संघप्रिया पहिल्या बाळंतपणाला आली. सातवा महिना. आल्या आल्या म्हणाली, "आई, अळूवड्या कर ना!"

आणि आज सकाळी छाटणीसाठी मिनल मॅडम आल्या, वाफे बांधणाऱ्या इंजिनिअर. "कापलेलं सगळं पिंपात भरा, झाकण घट्ट लावा. गुरांना नको, खतालाही नको."

"का हो मॅडम? झाडांनी पिऊन टाकलं ना?"

"प्यायली, पण पचवत नाहीत मावशी. क्रोम, निकेल, शिसं, सगळं पानामुळांत साठून राहतं."

इंदूबाईची नजर शेवटच्या वाफ्याकडे गेली. अळू पाणकणसाआड होता, मॅडमना दिसला नाही. सांगावं तर नोकरी जाईल, खोली जाईल, पोटुशी पोर घेऊन जायचं कुठे? न सांगावं तर आजवर पाठवलेल्या डब्यांतून पोरीच्या पोटात काय गेलंय, ते कळणार कसं? इकडे आड, तिकडे विहीर.

मॅडम गेल्यावर तिने अळू मुळासकट उपटला, पिंपात कोंबला. झालं गेलं गंगेला मिळालं, अशी मनाची समजूत घातली आणि हात तीनतीनदा धुतले.

संध्याकाळी संघप्रियाने विचारलं, "वड्या नाही केल्यास?"

"अळू खाजरा निघाला गो. उपटून टाकला."

"काय गं आई! सुरुवातीला माझ्या पोटात पाणी ठरत नव्हतं, तेव्हा तू डबा पाठवायचीस. तुझं फदफदं तेवढं पचायचं. हे बाळ तुझ्या अळूवरच वाढलंय." पोर हसत होती, पोटावरून हात फिरवत होती.

"उद्या डॉक्टरीणबाईकडे जाऊ," इंदूबाई म्हणाली.

"उद्या? माझी तपासणीची तारीख पुढच्या आठवड्यात आहे."

डॉक्टरीण विचारणार, अळू कुठला? मग सगळंच बाहेर येणार, खोली हातची जाणार. इंदूबाईने उठून दार लोटलं, लेकीजवळ येऊन बसली.

"बाय," ती म्हणाली, "तो अळू मी कुठे लावला होता, ते तू कधी विचारलंच नाहीस."