शेगडीची तार आणि आमचा मेव्हणा

विजेवर पोट भरायचं आणि विजेलाच भ्यायचं, असा माणूस अख्ख्या सोलापूर जिल्ह्यात एकच झाला, आणि तो नेमका माझ्या बायकोचा धाकटा भाऊ निघाला. कुर्डुवाडीला रेल्वेत वायरमन होता. सोलापुरात आमच्या घरी आला की पायातल्या रबरी चपला काढायचा नाही, त्यामुळे देवाला दारातूनच हात जोडायचा. बहिणीनं पाण्याचा तांब्या पुढं केला तरी आधी उलट्या हातानं चाचपायचा. "आरं, पाणी हाय त्यात, वीज न्हाय," ती म्हणायची. हा म्हणायचा, "असूं दे की आक्का. सुलटा हात चिकटला तर सुटत न्हाय." जेवताना डोक्यावर पंखा लावू द्यायचा नाही. घामानं निथळत जेवायचा आणि वर पंख्याकडं असा बघायचा, जणू पंखाच त्याच्यावर टपून बसलाय.

पिशवीत कायम टॉवेलात गुंडाळलेलं काट्याचं मीटर. भेटायला आला की आधी बोर्डाला मीटर, मग ख्यालीखुशाली. व्होल्टेजला करंटनं भागलं की तारेचा अडथळा निघतो, आणि दोघांचा गुणाकार केला की वॅट, म्हणजे किती ताकद जळतीय ते कळतं. मी चौथीत शाळा सोडलेला माणूस, पण एवढं गणित त्यानं माझ्या डोक्यात घातलंच. तो हिशोब बोटांच्या पेरांवर करायचा, डोळे मिटून, आणि डोळे उघडले की तोंड असं करायचा, जणू घरात कुणीतरी गेलंय.

त्याचं सगळ्यात मोठं भय मात्र आमच्या गल्लीतल्या सुट्टीचं होतं. सत्तर सालानंतरची ती वर्षं. घरोघरी विजेचे माग, दिवसभर खडखडाट. इतके माग चालले की घरातलं व्होल्टेज दोनशेवर यायचं, दिवे पिवळे पडायचे. माग थांबले की तेच व्होल्टेज दोनशे चाळीसवर चढायचं. सगळी गल्ली सुट्टीची वाट बघायची आणि हा सुट्टीला भ्यायचा. "खडखड चालू हाय तवर आपून जिवंत हाय, दाजी," म्हणायचा.

त्यात आमच्या घरी विजेची शेगडी होती, आणि घरभर सुताचे गठ्ठे. आमची ही दिवसभर सूत गुंडाळून मागाच्या कांड्या भरायची. शेगडीची गुंडाळी तार तुटली की ती टोकं पिरगळून जोडायची, तुटकी काळी टोकं फेकून द्यायची. दर जोडाला तार आखूड व्हायची आणि शेगडी जास्त लाल व्हायची. ही खूश. शेजारणींना सांगायची, "जोडलेली तार नव्यापेक्षा लई चांगली, च्या लवकर होतो." फ्यूज सारखी उडते म्हणून तिनं तिथंही जाड तार पिळून घातली. भाऊ जेवढा भित्रा, तेवढी बहीण धीट.

खंडेनवमीला माग पूजेला बसले, गल्ली चिडीचूप झाली, आणि हा सकाळच्या गाडीनं हजर. हिनं पुरणाची डाळ शेगडीवर चढवलेली. यानं मीटर लावलं आणि पेरं मोजली. "आक्का, नवी हुती तवा दोनशेला चार अँपिअर घ्यायची. म्हंजे पन्नास ओहम अडथळा, आठशे वॅट. आता चाळीस ओहमच ऱ्हायलेत. आज दोनशे चाळीस चढलंय, सहा अँपिअर ओढतीय. चौदाशे चाळीस वॅट झालं. ही वायर पाच अँपिअरची हाय. उतरव डाळ."

"जेवायला आलायस का गणित घालायला? डाळ अर्धी कच्ची हाय."

"कच्ची खातो. उतरव."

"मेल्या, माझ्या घरी सणाला कच्ची डाळ खाशील?"

मी हसत होतो. मग मलाच वास आला, रबर जळाल्याचा. गठ्ठ्यांमागून धुराची बारीक रेघ वर निघाली. हिनं पाण्याची घागर उचलली. तेवढ्यात हा ओरडला, "पानी नगं, करंट हाय," आणि कधी नव्हे ते सुलट्या हातानं, अख्खा पंजा घालून मेन स्विच ओढला. मग त्यानं आणि मी गठ्ठे ओढून बाजूला काढले. वायर काळी पडून भिंतीला चिकटली होती, आणि सगळ्यात आतल्या गठ्ठ्याची कड तांबूस झाली होती. हा तिथंच खाली बसला. हिनं घागर ठेवली आणि त्याच्या डोक्यावर पदर धरला.

संध्याकाळी तो नव्या पेठेतून नवी तार घेऊन आला. पण ही कसली सुधारते. पुढं कित्येकदा जोडली, फक्त भाऊ यायच्या दिवशी शेगडी माळ्यावर लपवायची.

यंदा आमची ही गेली. विजेनं नाही, आगीनं नाही. अंथरुणात, तापानं. खरं भ्यायचं कशाला, ते मला आणि मेव्हण्याला, दोघांनाही कळलं नाही.

परवा मेव्हणा आला. म्हातारा झालाय, तरी टॉवेलातलं मीटर पिशवीत होतंच. मी माळ्यावरून शेगडी काढून दिली, त्याच्या हाताला काम म्हणून. मीटर लावलं तर काटा हलेना. तार तुटली होती. मला वाटलं, आता नवी तार आणायला नव्या पेठेत निघेल. तो बराच वेळ बहिणीनं घातलेले जुने जोड बघत बसला. मग त्यानं टोकं पिरगळली, अगदी ती पिरगळायची तशी. मीटर टॉवेलात गुंडाळून ठेवलं. पेरं मोजली नाहीत.

"च्या टाका, दाजी," म्हणाला.

शेगडी लालभडक झाली. चहा उकळेपर्यंत तो मेन स्विचवर हात ठेवून उभा होता. हात सुलटा होता. चपला दाराबाहेर होत्या.