आईच्या गाठीचं बोचकं

वायरमनने आईला तीनदा हादरवलं. आधी वायरिंगचा बरा चाललेला धंदा सोडून तो सैन्यात गेला. मग परक्या देशातल्या लढाईवर जाऊन दोन वर्षं सुरुंग काढत बसला. आणि परत आला तो मुसलमान होऊन.

का, ते त्याला धड सांगता येत नसे. तिकडे सुरुंग काढणारा एक म्हातारा नमाज पढून कामाला लागायचा, आणि भाजी निवडायला बसावं तसा निवांत सुरुंगापुढे बसायचा. वायरमनला तो निवांतपणा हवासा वाटला. लढाईने त्याला आणखी एक दिलं, उजव्या कानात कायमची शिट्टी.

आता तो दहशतवादविरोधी पथकात बॉम्ब निकामी करतो. दरवर्षी एक अधिकारी त्याला समोर बसवून विचारतो, कुणाचे फोन येतात? "बहिणीचे," तो सांगतो. "आईचा येत नाही, तेवढं बघा जरा." अधिकारी हेही लिहून घेतो.

कारण आई नऊ वर्षं त्याच्याशी बोललेली नव्हती. म्हणजे बोलायची, पण बहिणीमार्फत. तो समोर बसलेला असताना म्हणायची, "त्याला सांग, वाळलाय नुसता."

त्या दिवशी सकाळी दहाला पथकाच्याच फाटकापाशी एक बोचकं सापडलं. कुणी ठेवलं, कुणालाच ठाऊक नाही. आतून टिकटिक येत होती. बॉम्ब निकामी करणाऱ्यांच्या दारातच टिकटिक, म्हणजे हद्दच झाली. रस्ता रिकामा केला, दोरी बांधली, पाण्याची तोफ आणली. एक फटका आणि बोचक्याच्या चिंध्या, असा नियम.

नेम धरायला वायरमन स्फोटापासून वाचवणारा अवजड सूट चढवून डुलत डुलत निघाला. बोचक्यापासून हातभर अंतरावर थांबला आणि त्याला हसूच फुटलं.

गाठीवर गाठ, आणि टोक आत खोचलेलं. शाळेत असल्यापासून त्याचा डबा ह्याच गाठीत यायचा आणि मधली सुट्टी ती सोडवण्यातच जायची.

"साहेब," तो वॉकीटॉकीवर म्हणाला, "तोफ नको. आईचं आहे."

"पुरावा?"

"गाठ."

"गाठ कुणीही मारेल. मागे ये."

नऊ वर्षांत आईने पहिल्यांदा काहीतरी आणलं होतं, आणि त्याचा भुगा व्हायची वेळ आली होती. वायरमन जागचा हलला नाही. "साहेब, दोरीपाशी बघा. एक म्हातारी शिपायाशी भांडत असेल."

भांडत होतीच. साहेबांनी तिला विचारलं, तशी तिने तोंड फिरवून सुरुवात केली, "त्याला सांगा..."

"तुम्हीच सांगा," म्हणत वैतागलेल्या साहेबांनी वॉकीटॉकी तिच्या हातात कोंबली.

वॉकीटॉकी खरखरली. वायरमनने श्वास रोखला. असा तो सुरुंगापुढेही रोखत नसे.

"अरे गाढवा," आई म्हणाली, "घड्याळ आहे ते. बाबांचं."

गाढव! वायरमनला इतका आनंद झाला की तो सूटसकट रस्त्यावर फतकल मारून बसला.

"नाव का नाही सांगितलंस फाटकावर?"

"नाव सांगितलं असतं तर तुला बाहेर बोलावलं असतं. मग बोलावं लागलं असतं."

साहेबांनी कपाळाला हात लावला आणि तोफ मागे घ्यायला सांगितली. वायरमनने हेल्मेट आणि हातमोजे काढून दातांनी गाठ सोडवली. मोठ्या घंटांचं ते जुनं घड्याळ बाहेर काढलं आणि तेवढ्यात ते केकाटलं. अख्खं पथक पालथं पडलं, साहेब सगळ्यात आधी. वायरमन एकटाच हसत होता, हसता हसता त्याचे डोळे वाहत होते.

"ऐकू येतंय का?" आईने विचारलं. "ताई म्हणत होती, कानामुळे तुला पहाटे जाग येत नाही. तुझी नमाज चुकते."

"येतंय, आई."

"गजर मीच लावून बघत होते, तसाच राहिला वाटतं. तू नीट लाव. तुमची वेळ रोज थोडी थोडी सरकते म्हणे. चावी मागे आहे."