तोंडं जुळली नव्हती

माझी थोरली बहीण, लासुर्ण्याची आक्का, गेली त्याला आता महिना उलटून गेला. भाच्याचा फोन आला तेव्हा मी रडलो नाही. माझं रडणं त्याच्या आधीच्या भेटीतच होऊन गेलं होतं. त्या दिवशी आक्का पडवीत डाळिंबांच्या क्रेटपुढं बसली होती. मी समोर बसलो तसा तिनं पदर सावरला आणि विचारलं, "तुमी कुण्या गावचं पाव्हणं?" जिनं मला उभ्या जन्मात 'दिग्या'शिवाय हाक मारली नाही, माझ्या पोरांदेखत माझा कान पिळायला कमी केलं नाही, ती मला अहोजाहो करत होती... मी कसंबसं म्हणालो, "काटेवाडीचा." तशी ती खुलली. "माझा भाऊ हाय तितं. लई वांड हाय." मी मान खाली घातली ती बराच वेळ वर केली नाही.

डाळिंब निवडावं तर आक्कानंच. फळ तळहातावर घेतलं की तिला वजनकाटा लागत नसे. मोठं एकीकडं, मध्यम दुसरीकडं, तडकलेलं घरच्यांना. बोलता बोलता, मान दुसरीकडं असतानाही हात बरोबर चालायचे. फळांबरोबर सुना, जावई, भावकी असे सगळेच निवडून व्हायचे. मला म्हणायची, "तू तडकल्यातला. घरीच ठिवावा लागतोस." तिच्या हातचा माल व्यापारी उघडूनही बघत नसत.

लहानपणी आम्हा दोघांना कांजिण्या एकदमच आल्या होत्या. आईनं कडुलिंबाचा पाला पसरून आम्हाला एकाच गोधडीवर झोपवलं. मी खाजवायला लागलो की आक्का माझे दोन्ही हात धरून ठेवायची आणि दटावायची, "खाजीवलंस तर त्वांड माकडावानी व्हईल." स्वतःचं अंग मात्र बिचारी दातओठ खाऊन सोसायची. खपल्या पडल्या, आईनं न्हाऊ घातलं आणि दुखणं संपलं. निदान आम्हाला तसं वाटलं.

पुढं नातवंडं झाल्यावर आक्काच्या कमरेवर नागीण उठली. आपल्याकडं नागीण म्हटलं की एकच धास्ती असते. पुळ्यांच्या रांगेची दोन तोंडं कमरेभोवती जुळली की माणूस हातचा गेला, असं मानतात. गावातले एक आबा गेरूचा लेप लावून देत. तोच लावला, आणि घरातले सगळे रोज सकाळी तोंडं किती सरकली ते बघू लागले. दवाखान्यात जायचं कुणाच्या मनातही आलं नाही. आक्काच्या अंगाची लाही लाही होत होती, पण तोंडं जुळली नाहीत. पुळ्या सुकल्या. भाऊजींनी नारळ फोडला, घरात पुरणपोळी झाली आणि मीही तुपाबरोबर दाबून हाणली. सुटलो बाबा, असं सगळेच म्हणालो.

काही वर्षांनी व्यापाऱ्याचा फोन आला. "मावशींच्या मालात तडकलेली निगाली." भाऊजींनी त्यालाच खोटं ठरवलं. मग आक्का सुनेला 'आई' म्हणू लागली. उन्हातान्हाची कॅनॉलच्या वाटेनं चालू लागायची आणि अडवलं की कळवळून सांगायची, "सोडा की, आई वाट बगत आसंल."

बारामतीला मेंदूच्या डॉक्टरांनी सगळं तपासलं आणि मध्येच विचारलं, "कधी नागीण झाली होती?" मग त्यांनी समजावलं. कांजिण्या बऱ्या झाल्या तरी विषाणू शरीरातून जात नाही. तो मज्जातंतूंच्या मुळाशी दडून राहतो आणि वय झालं की नागीण होऊन उठतो. असले विषाणू मेंदूच्या झिजेला हातभार लावतात का, याचा शोध चालू आहे. "यांचं त्यामुळंच झालं असं मी म्हणणार नाही. पण शंका आहे." भाऊजी काकुळतीला येऊन म्हणाले, "पर सायेब, तोंडं जुळली न्हवती वो." डॉक्टरांनी औषधाची चिठ्ठी लिहायला घेतली. मला मात्र ती गोधडी दिसत होती... तिच्या अंगात जे दडून बसलं होतं, तेच माझ्याही अंगात मुक्कामाला आहे.

डॉक्टरांच्या सांगण्यावरून मी नागिणीची लस घेतली. "आता काळजी न्हाय ना?" मी विचारलं. "नागिणीची कमी झाली," ते म्हणाले, "बाकीचं आज कुणालाच छातीठोक सांगता येणार नाही." मला भीती वाटते. मरणाची नाही, बायकोला अहोजाहो करायची.

तेराव्याला भाची म्हणाली, "मामा, आईची आठवण म्हणून काही न्या." मी तिचं क्रेट उचलून आणलं. आता रोज सकाळी बांधावरची डाळिंबं घेऊन मी त्याच्यापुढं बसतो. मोठी, मध्यम, तडकलेली. बायको हसते, म्हणते म्हातारपणी बरा खेळ मांडलाय. हसू दे. मी माझी परीक्षा घेतोय हे तिला कशाला सांगू? काल तिनं चांगल्यातलं एक फळ उचललं आणि उलटं करून माझ्यापुढं धरलं. चांगलं बोटभर तडकलेलं होतं.

"चष्म्याचा नंबर वाढला आसंल तुमचा," ती म्हणाली.

"व्हय, आसंल," मी म्हणालो.

नजर आक्काचीही शेवटपर्यंत चांगली होती.