ठकूबाईचा अंगठा

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. संघटनेतल्या सोबत्यांना नाही, घरी नाही. जिला सांगायला हवं होतं, तिलाही नाही. तुम्ही अनोळखी आहात म्हणून तुमच्यापुढे माझी जीभ उचलतेय— हाही भ्याडपणाच का? असेल.

मी पत्रकं लिहितो. साताऱ्याच्या छापखान्यात उभ्या उभ्या मजकूर लिहून देतो. माझ्या पत्रकात खोटा शब्द नसतो, असं सभेत छाती ठोकून सांगतो. टाळ्या पडतात. त्या टाळ्या मी घेतो.

आणीबाणीच्या आधीची गोष्ट. मेढ्याच्या वर डोंगरात कातकऱ्यांची वीस-बावीस घरं, सगळी कोळशाच्या भट्टीवर राबणारी. ठकूबाई तिथली. तिच्या दोन्ही हातांची बोटं करंगळीकडे कललेली, सांधे सुजून गाठी आलेल्या. तरी लाकूड फोडायची— कोयता फडक्यानं मनगटाला बांधून.

सांगलीहून एक डॉक्टरीणबाई जीपनं यायच्या. कातकऱ्यांत हा आमवात घराण्यातून उतरतो का, हे त्यांना शोधायचं होतं. त्यासाठी ठकूबाईच्या नात्यातल्या सगळ्यांचं रक्त तपासायला हवं होतं.

रक्त म्हटल्यावर माझं डोकंच फिरलं. गावात काही हरवलं की 'यांच्या रक्तातच चोरी' म्हणून आधी यांना चौकीत नेतात. आता रोगही रक्तातच? मग यांना उपाशी ठेवणारा ठेकेदार सुटला, औषध न पोचवणारं सरकार सुटलं! ती चीड खरी होती. आजही आहे. पण चिडीच्या आडून मी जे केलं, ते सांगायला बसलोय.

पत्रकासाठी तिचा जबाब घ्यायला गेलो. विचारलं, कामानंच हात असे झाले ना, ठकूबाई? उत्तर मी घरूनच घेऊन गेलो होतो. ती हसली.

"कामाचं दुखणं सांजंला आसतं, दादा. निजलं की जातं. ह्ये निजून उठल्यावर आसतं. दुपारपातूर मूठ वळत न्हाई. माझ्या आयला आसंच, मावशीला आसंच. माझ्या नवऱ्यानं माझ्याइतकीच लाकडं फोडली— त्येची बोटं बघ की, सरळ हायती."

शाळेचं तोंड न पाहिलेली बाई. पिढ्यांचं दुखणं तिनं असं निवडून, पाखडून ठेवलं होतं. डॉक्टरीणबाईंनी हेच ऐकलं तेव्हा वही काढून शब्द न् शब्द उतरून घेतला होता. आणि मी? मी मनात म्हणालो, हिला पढवलेलं दिसतंय.

तिची सोनी तेव्हा अठरा-एकोणीसची. तिचीही बोटं सकाळी आखडायला लागली होती. वेळेत कळलं तर सांधे वाकायच्या आधी औषध सुरू करता येईल, असं बाईंनी सांगितलेलं. ठकूबाईला रक्त द्यायचं होतं ते यासाठी. दुसरं काही नाही.

आमच्या संघटनेत एक रीत आहे. ज्याला वाचता येत नाही, त्याला जबाब मोठ्यानं वाचून दाखवायचा, मगच अंगठा घ्यायचा. मी वाचून दाखवला. तिचे शब्द, जसेच्या तसे. फक्त— कागदावर ते नव्हते. कागदावर मी लिहिलं होतं: आमच्या रक्तात खोट नाही, आमचं रक्त कुणाला मिळणार नाही.

तिचा अंगठा सरळ होईना. दुसऱ्या हातानं तो धरून तिनं शाईत दाबला, मग कागदावर. कपाळावर घाम आला होता.

"नीट उठला का? न्हाईतर परत देते."

नीट उठला होता.

पत्रक गाजलं. अंगठ्याचा ठसा मोठा करून छापला होता. सरकारी साहेबलोकांनी घाबरून डॉक्टरीणबाईंची परवानगी थांबवली. ठकूबाई मात्र दर बाजाराला सोनीला घेऊन मेढ्याच्या एसटी स्टँडवर बसायची, जीपची वाट बघत. मी तिला म्हणालो, शहरातली माणसं अशीच, विसरली असतील.

"न्हाई रं. तिनं माझा हात दोनी हातांत धरून बघितला व्हता. काय तरी आडवं आलं आसंल."

आडवा आलेला तिच्यासमोरच उभा होता.

पुढे सांगलीत बाई भेटल्या. रागाचा लवलेश नाही. मला समजावून म्हणाल्या, रक्तातून उतरते ती नुसती शक्यता. रोग उठायला धूर, हाल, बाकीचंही लागत असणार. म्हणजे माझ्या भांडणाला त्यांच्या शोधाचा धक्कासुद्धा लागत नव्हता. मग परवानगी पुन्हा का मागितली नाहीत, मी विचारलं— विचारू शकलो! त्या म्हणाल्या, "ठकूबाईंनी नाही म्हटलं ना. त्यांचा शब्द मोडून कसं जायचं?"

मी मान डोलावली.

गेल्या महिन्यात वर गेलो होतो. सोनीनं चहा दिला. कप तिनं दोन्ही तळव्यांत धरला होता, बोटं न लावता. बोटं करंगळीकडे कललेली.

त्या पत्रकात अंगठ्याच्या वर माझे शब्द आहेत. तिचे हे होते:

"माझं रगत घ्या, भणीचं घ्या, सोनीचं घ्या. पर काय घावलं त्ये पयलं आमाला सांगायचं, आमच्या अंगणात बसून, आमाला कळंल आसं. आन् सोनीचं हात वाकायच्या आदी औषद आणायचं."

अंगठा तिनं याच्याखाली दिला होता.