उरलेली चार लिंबं

खंडेनवमीच्या सकाळी उणकलच्या शेडचं शटर वर सरकलं आणि पडदा उघडावा तशा दोन्ही गाड्या उजेडात आल्या. डावीकडे थोरल्या मालकांची ऑस्टिन, इंग्रजांच्या अमदानीतली, उंच, काळी, बटबटीत दिव्यांची. उजवीकडे त्यांच्या मुलाची, म्हणजे धाकट्या मालकांची, मॉरिस मायनर, स्वातंत्र्यानंतरची, गोलमटोल, फिकट हिरवी.

नागोजी दोघींचा ड्रायव्हर. त्याच्या आधी ऑस्टिनवर त्याचे वडील होते. आता शेडच्या जागी इमारत उठणार होती आणि नव्या घराखाली एकाच गाडीपुरती जागा होती. दुसरी न्यायला बेळगावचे एक शौकीन गृहस्थ आलेच होते.

"नागोजीअण्णा, कुठली ठेवायची ते तुम्हीच सांगा," धाकट्या मालकांचा मुलगा श्रीहर्ष म्हणाला. "आई काही बोलत नाही."

"तो म्हणेल ती," चंद्रभागाअक्का म्हणाल्या.

नागोजीचं ठरलं होतं. ऑस्टिन. मानी गवयासारखी ती. विनवण्या केल्याशिवाय, हँडल मारल्याशिवाय आवाज लावायची नाही. ब्रेक तारांचे, वळणाच्या कितीतरी आधीपासून पाय दाबत यावं लागे. मॉरिस शहाणी. किल्ली फिरवली की हजर, पाय दाबला की जागच्या जागी उभी. पण जिच्याशी कधी भांडण नाही, तिच्यावर जीव तरी किती जडणार? ऑस्टिनचं हँडल उलटून वडिलांचा अंगठा मोडला होता. त्याच वाकड्या अंगठ्याच्या हातानं त्यांनी नागोजीला गाडी शिकवली.

"ही तुझ्यासारखीच," ऑस्टिनला कुंकू लावत अक्का म्हणाल्या. "ढुशा दिल्याशिवाय उठत नाही."

"आणि निघाली की थांबत नाही, अक्का."

त्या हसल्या. वाकून त्यांनी चारही चाकांखाली लिंबं ठेवली. मग मॉरिसकडे वळल्या. हळद, कुंकू, झेंडूचा हार. चाकांपाशी मात्र वाकल्या नाहीत.

"आई, हिला लिंबं?"

"संपली."

तबकात चार लिंबं होती. नागोजीनं ती पाहिली. लिंबू चिरडून पुढं जायचं ते निघणाऱ्या गाडीनं. याच मॉरिसमधून अक्का नवरी होऊन आल्या होत्या. अमरगोळच्या बाजारात धाकट्या मालकांच्या छातीत कळ आली, तेव्हा याच गाडीत त्यांचं डोकं मांडीवर घेऊन बसल्या होत्या. दवाखाना येईपर्यंत आरशात पाहायचं धाडस नागोजीचं झालं नव्हतं.

त्यानं ऑस्टिनच्या बॉनेटवर तळवा टेकला.

"मॉरिस ठेवा," तो म्हणाला. "हिला होगली बिडु. जाऊ दे."

अक्कांनी त्याच्याकडे पाहिलं नाही. पदरानं मॉरिसची काच पुसू लागल्या.

बेळगावच्या गृहस्थांनी उत्साहानं हँडल खोचलं आणि मूठ आवळली.

"तसं नको, साहेब." नागोजीनं पुढं होऊन त्यांचा अंगठा सोडवला आणि चार बोटांच्या बाजूला नेऊन ठेवला. "अंगठा कधी गुंतवायचा नाही. वर ओढा. आता."

तिसऱ्या झटक्याला ऑस्टिन गरजली. ती पुढं सरकली आणि चारही लिंबं फुटली.