पन्नास सालाच्या आधीचा कागद

मुलीचं नाव शाळेत घालायला मी एकटीच गेले होते. नवरा सकाळपाळीला होता आणि सासऱ्यांचे गुडघे तेव्हा धरले होते. मॅडमने फॉर्म पुढे सरकवला आणि हिंदीत विचारलं, भरता येईल ना? मी मान हलवली. मी चौथी शिकलेली, आणि परक्या माणसापुढे माझा आवाज फुटत नाही. नाही म्हणण्यापेक्षा लिहिणं सोपं वाटलं. एकेक रकाना हळूहळू भरला. जातीच्या रकान्यात मी लिहिलं, बौद्ध.

घरी येऊन सासऱ्यांना सांगितलं. ते खाटेवर बसून होते. म्हणाले, "बराबर लिवलं वं माय. दुसरं काही लिवलं असतं तं मी असाच लंगडत जाऊन खोडून आलो असतो."

सासऱ्यांचं गाव भंडाऱ्याकडचं, वैनगंगेच्या काठाला. आमच्या लोकांनी दीक्षा घेतली तेव्हा ते सतरा-अठरा वर्षांचे होते. वस्तीतल्या लोकांनी घरातले देव टोपल्यांत भरले आणि नदीत सोडले. सासऱ्यांच्या घरी देव दोनच होते, ते त्यांच्या आईने सोडले. मग सासऱ्यांनी खिशातून शाळेचा दाखला काढला. अख्ख्या वस्तीत तेवढा एकच दाखला. त्यावर जात लिहिलेली होती. चार घड्या करून त्यांनी तोही देवांच्या मागे पाण्यात टाकला. ही गोष्ट ते दर दसऱ्याला सांगायचे आणि शेवटी हसायचे. "देव बुडाले, दाखला तरंगून राहिला. काठीनं दाबा लागला त्याले."

पुढे इथे पोलादाचा प्लांट उभा राहायला लागला तेव्हा ते दुर्ग जिल्ह्यात, भिलाईला आले. आधी मातीकामाला, मग कोक ओव्हनच्या भट्टीवर पर्मनंट. तिथल्या कागदांवरही त्यांनी बौद्धच लिहायला लावलं. मी लग्न होऊन आले तोवर प्लांटचं क्वार्टर सुटून कॅम्प-१ मधलं हे दोन खोल्यांचं घर झालं होतं. या घरात जुन्या जातीचं नाव कोणी काढत नसे. मनाई केलेली मी कधी ऐकली नाही. भांडणातसुद्धा तो शब्द येत नसे, एवढंच. सासरे गेल्यावरही ते तसंच राहिलं.

त्यांचं शेवटचं वर्ष खाटेवर गेलं. त्यांची पाठ पुसणं, कूस बदलणं, औषधाच्या वेळा, सगळं मुलगी करायची. तेव्हा ती दहावीला होती. तिला किळस नव्हती आणि घाईही नव्हती. नर्स व्हायचं तिने तेव्हाच ठरवलं असावं. बारावी चांगल्या मार्कांनी पास झाली आणि सरकारी नर्सिंग कॉलेजची परीक्षा दिली. नंबर असा आला की आरक्षणात जागा नक्की, ओपनमध्ये कठीण. खाजगी कॉलेज आमच्या आवाक्यातलं नव्हतं. नवरा प्लांटमध्येच जातो, पण ठेकेदाराकडून. म्हणजे सगळं जातीच्या दाखल्यावर येऊन थांबलं, आणि काउन्सिलिंगला महिना-दीड महिना उरला होता.

आम्ही तिघं तहसीलला गेलो. बाबू बरा माणूस होता, उगाच ओरडणारा नव्हता. त्याने शाळेचा कागद पाहिला.

"बौद्ध तो धर्म हुआ. जाति बताइए."

नवऱ्याने माझ्याकडे पाहिलं. मी खाली पाहिलं.

"हम लोग यही लिखते हैं, साहब," नवरा म्हणाला.

"लिखते होंगे. लिस्ट में जाति का नाम है, वो लगेगा. और पिताजी का, दादाजी का कोई कागज़, पन्नास के पहले का, जिसमें वो जाति लिखी हो. है?"

नवऱ्याने नदीची गोष्ट सांगितली. सांगायला नको होती. बाबू हसला. "मतलब सबूत ही डुबा दिया!" बाजूच्या टेबलावरचे दोघेही हसले. मग नवराही हसला, काम अडलेला माणूस हसतो तसा. मुलगी हसली नाही.

वाट मात्र बाबूनेच सांगितली. जुन्या शाळेत रजिस्टर असतं, त्यातून नक्कल निघते, ती आणा. त्याच दिवशी त्याने आमच्याकडून आणखी एक अर्ज भरून घेतला, इथली रहिवासी असल्याच्या दाखल्याचा. मुलीचा जन्म इथला, शाळा इथली, राशन कार्ड इथलं. "ये तो बन जाएगा, इसमें कुछ नहीं है," तो म्हणाला. आणि खरंच आठ-दहा दिवसांत तो दाखला आला. मुलीचा फोटो, शिक्का, आणि ही छत्तीसगढची रहिवासी आहे असं सरकारने लिहून दिलेलं. मी तो प्लास्टिकच्या पिशवीत घालून लुगड्यांच्या खाली ठेवला.

नवरा सुट्टी काढून गावी गेला आणि तिसऱ्या दिवशी परत आला. शाळेची इमारत नवी झाली होती, पण जुनी रजिस्टरं एका लोखंडी पेटीत होती. हेडमास्तर दुपारभर त्याच्यासोबत पानं उलटत बसले, आणि सापडलं. त्याने नक्कल माझ्या हातात दिली. त्यावर सासऱ्यांचं लहानपणीचं नाव होतं, ते आम्हाला माहीतच नव्हतं, बापाच्या नावावरून नोंद ओळखली. बापाचं नाव, धंदा मजुरी, आणि पुढच्या रकान्यात महार. जो कागद त्यांनी काठीने दाबून बुडवला, त्याची नक्कल आम्ही हुडकून घरी आणली होती. सासऱ्यांचा फोटो त्याच खोलीत भिंतीवर आहे. नवरा म्हणाला, "हे तिकडच्या खोलीत ठेव."

शपथपत्र करायला मी आणि मुलगी गेलो, कारण ठेकेदार आता नवऱ्याला सोडत नव्हता. तहसीलच्या बाहेर टिनाच्या शेडमध्ये टायपिंगवाला बसतो. नाव, पत्ता, नवऱ्याचं नाव झालं.

"जाति?"

मी सांगितलं.

"माताजी, जोर से. जनरेटर चल रहा है."

मी पुन्हा सांगितलं. मागे पाच-सहा माणसं उभी होती. त्याला तरीही ऐकू गेलं नाही. शेवटी मुलीने वाकून त्याला तो शब्द सांगितला, स्पष्ट, जन्मतारीख सांगावी तसा. रस्त्यावर आल्यावर ती मला म्हणाली, "तू कावून एवढी लाजते, आई? कागदच तं आहे."

"तुह्या आज्यानं..." मी म्हटलं.

"आजोबा असते तं त्यायले मी समजावलं असतं," ती म्हणाली. "त्यायनं माह्यं ऐकलं असतं."

ते खरं आहे. तिचं ते ऐकत.

सगळे कागद घेऊन पुन्हा बाबूकडे गेलो तेव्हा नवरा अर्धी पाळी बुडवून आला होता. बाबूने नक्कल उजेडात धरून वाचली.

"कागज़ तो बढ़िया है. पन्नास के पहले का है, जाति भी साफ़ है. लेकिन ये तो महाराष्ट्र का है."

"साहब, तब भंडारा और दुर्ग एक ही राज्य में थे," नवरा म्हणाला. "नागपुर राजधानी थी. मेरे बाप बताते थे."

"थे. आज भंडारा कहाँ है?"

"महाराष्ट्र में."

"तो बस."

त्याने समजावून सांगितलं. पन्नास साली कुटुंब आजच्या छत्तीसगढच्या जमिनीवर राहत असेल तरच इथला जातीचा दाखला. तुमचा दाखला तिकडेच बनेल, पण तिकडचा दाखला इथल्या राज्याच्या जागेला चालणार नाही.

"पन्नास में यहाँ प्लांट ही नहीं था, साहब," नवरा म्हणाला. त्याचा आवाज चढला होता. "हम आए किसके लिए?"

"भैया, नियम मैंने नहीं बनाया."

नवऱ्याने तिथूनच गावच्या हेडमास्तरांना फोन लावला. त्यांनी चौकशी करून सांगितलं की जातीचा दाखला इकडे बनेल, पण इकडच्या कॉलेजात जागा हवी तर मुलगी महाराष्ट्राची रहिवासी लागते.

रहिवासी असल्याचा दाखला माझ्या पिशवीत होता. तो काढून टेबलावर ठेवावा असं मला फार वाटलं. म्हणावं, साहेब, हा तुमच्याच टेबलावरून मिळाला. मुलगी इथली आहे असं तुम्हीच लिहून दिलं. मग तिचा आजा जे सोसून इथे आला, ते तेवढं परक्या राज्यातलं कसं? हे सगळं माझ्या तोंडापर्यंत आलं होतं. बाबूने पुढच्या माणसाला हाक मारली. मी उठले आणि खुर्ची नीट आत सरकवून ठेवली.

जे बोलले नाही ते इथे लिहिते आहे. हे कोणी वाचणार नाही, म्हणून लिहिता येतं.

सरकारने कोणाला काय द्यावं हे ठरवण्याइतकी मी शिकलेली नाही. पण जो माणूस आपल्याकडे राहतो, आपल्यासाठी राबतो, त्याला अर्धाच आपला म्हणायचं, हे मला समजत नाही. मत द्यायचं तेव्हा आम्ही इथले. बिजलीच्या बिलावर इथले. भट्टीच्या धुराने सासऱ्यांची छाती गेली, तेही इथलेच. देशाचे नागरिक म्हणून तर आम्ही पुरे आहोत, त्यात काही कमी नाही असं सगळे सांगतात. फक्त हात पुढे केला की आम्ही तिकडचे होतो, आणि तिकडे गेलो की इकडचे. लग्नानंतर एकदा, दोन खोल्या अपुऱ्या पडायला लागल्या तेव्हा, आम्ही भाड्याने खोली बघायला गेलो होतो. मालकिणीने आधी विचारलं, कौन लोग हो? सांगितल्यावर तिने खोली दिली नाही. तिने पन्नास सालाचा कागद मागितला नव्हता.

आमची शेजारीण इथलीच, कुरुदकडची. तीही आमच्यासारखीच, म्हणजे सरकारच्या यादीतली. तिची मुलगी आणि माझी मुलगी पहिलीपासून एका शाळेत, परीक्षाही दोघींनी सोबत दिली. तिला माझ्या मुलीपेक्षा मार्क कमी होते. पण तिच्या आज्याच्या शेतीच्या जुन्या कागदावर जात होती, आणि ते शेत छत्तीसगढात होतं. तिचा दाखला पंधरा दिवसांत झाला. यादी लागली तेव्हा तिचं नाव आलं. ओपनच्या यादीत माझ्या मुलीचं नाव आलं नाही. दुसऱ्या यादीतही नाही.

शेजारीण पेढे घेऊन आली आणि दारातच उभी राहिली. एरवी ती सरळ चुलीपर्यंत येते.

"हमर नोनी के नाव आ गे, बहिनी," ती म्हणाली. मग खाली बघत म्हणाली, "तोर बेटी के घलो आना रिहिस."

तुझ्याही मुलीचं यायला हवं होतं, असं ती म्हणाली. मी तिला हाताला धरून आत घेतलं आणि तिच्यासमोर पेढा खाल्ला. तिच्या मुलीचा हक्क होता, तो तिला मिळाला. मला तिचा राग आला नाही. आला असता तर मला सोपं गेलं असतं.

दोघी मुली हॉस्टेलचं सामान घ्यायला सिव्हिक सेंटरच्या बाजारात गेल्या. बादली, कुलूप, चादरी. नर्सिंगच्या मुलींना पांढरे बूट लागतात. ते कोणते घ्यायचे, कोणत्याने टाच दुखत नाही, हे माझ्या मुलीला माहीत होतं, कारण तिने कधीचं बघून ठेवलं होतं. तिनेच ते निवडून दिले. शेजारीण मला हे सांगताना रडली. मुलीने मला काहीच सांगितलं नव्हतं.

महिना असाच गेला. मग एक दिवस ती स्वतःच जाऊन एका नर्सिंग होममध्ये नोकरीला लागून आली. नर्स म्हणून नाही. पेशंटचं अंग पुसायचं, शौचाचं भांडं द्यायचं, चादरी बदलायच्या. मी विचारलं, काय काय विचारलं तिथे? म्हणाली, "आधार पाहिलं. आन् नाइट ड्यूटी जमन का म्हणे. मी हो म्हटलं."

पेशंट तिला सिस्टर म्हणतात. ती ते खोडून काढत नाही. तिचा ड्रेस निळा आहे. खरी सिस्टर पांढऱ्यात असते, पण दुखणाऱ्या माणसाला ते कुठलं कळायला. एका म्हातारीने घरी जाताना तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि खूप शिक म्हणाली. हे तिने मला हसत सांगितलं.

नवरा अजून चिडतो. कोर्टात जातो म्हणतो, मग पाळीला जातो. माझ्या मनात कधीकधी येतं की त्या दिवशी मी बोलले असते तर काय झालं असतं. काही झालं नसतं, हे मला माहीत आहे. तरी मुलीने मला बोलताना पाहिलं असतं.

परवा डबा भरताना मी तिला विचारलं, "पुढच्या साली परत परीक्षा देशील का वं?"

ती चप्पल घालत होती. म्हणाली, "देईन ना. नंबर बी येईल. मंग?"

तिने माझ्या हातातून डबा घेतला आणि ड्यूटीवर गेली.